होम स्क्रीन संथ झाल्यास काय करावे: अँड्रॉइड फोनविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात जाऊन ‘फोन हँग होतो’ एवढेच सांगितले, तर बहुतेक वेळा ‘रिसेट मारा’ किंवा ‘आता नवीन घ्या’ यांपैकी एक उत्तर मिळते. होम स्क्रीन संथ होण्याची कारणे मात्र अनेक आहेत आणि त्यांपैकी बरीचशी घरी बसून, पैसे न खर्चता, फोटो किंवा मेसेज न गमावता दूर करता येतात. पुढील उत्तरे मुख्यतः अँड्रॉइड फोनसाठी आहेत. कंपनीनुसार मेनूंची नावे थोडी बदलतात, म्हणून एखादा पर्याय सापडला नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत त्याचे नाव टाकून पाहावे.

होम स्क्रीन हा फोनचाच भाग असतो की वेगळे अ‍ॅप?

होम स्क्रीन हे एक अ‍ॅपच असते आणि त्याला लाँचर म्हणतात. पिक्सेल फोनवर पिक्सेल लाँचर, सॅमसंगवर वन यूआय होम, पोकोवर पोको लाँचर अशी त्याची नावे आहेत. सेटिंग्जमधील अ‍ॅपच्या यादीत इतर अ‍ॅपसारखीच त्याचीही नोंद असते, त्याची स्वतःची कॅशे, म्हणजे चटकन वापरता यावी म्हणून तात्पुरती साठवलेली माहिती, असते, त्याला अपडेट येतात आणि ते स्वतंत्रपणे बिघडूही शकते. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की दुरुस्तीची दिशा बदलते, कारण पूर्ण फोन पुसून टाकण्याऐवजी केवळ या एका अ‍ॅपकडे लक्ष देता येते.

२०१८ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ९ पासून अलीकडे वापरलेल्या अ‍ॅपचा पडदा, म्हणजे ज्याला आपण रीसेंट्स म्हणतो तो, बहुतेक फोनवर लाँचरच दाखवतो. त्यामुळे होम स्क्रीन आणि रीसेंट्स या दोन्ही जागा एकाच वेळी अडखळू लागल्या, तर संशय प्रथम लाँचरवर घ्यावा.

‘फोन स्लो झाला’ यापेक्षा नेमके काय पाहावे?

उपाय करण्यापूर्वी दोन-तीन दिवस फोनकडे जरा लक्षपूर्वक पाहावे, कारण संथपणाचे प्रकार वेगवेगळे असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. एखाद्या अ‍ॅपमधून होमवर आल्यावर आधी नुसता वॉलपेपर दिसत असेल आणि आयकॉन मागाहून उमटत असतील, तर रॅम, म्हणजे चालू कामांसाठी लागणारी फोनची तात्पुरती स्मृती, कमी पडते आहे. आयकॉन जागेवर असतात, पण एका पानावरून दुसऱ्या पानावर सरकताना झटके बसतात, तर त्या पानावरील विजेट (घड्याळ, हवामान अशी माहिती दाखवणारी चौकट), वॉलपेपर किंवा डावीकडील बातम्यांचे पान तपासावे. आयकॉनवर बोट ठेवल्यावर काही क्षण काहीच होत नाही आणि नंतर अ‍ॅप उघडते, तेव्हा स्टोरेज, तापमान किंवा स्क्रीनवर लावलेली काच यांचा विचार करावा. कीबोर्ड, गॅलरी, कॉल असे सगळेच हळू चालत असेल, तर दोष केवळ होम स्क्रीनचा नाही.

आणखी एक सवय लावून घ्यावी, ती म्हणजे एका वेळी एकच बदल करून दिवसभर फोन वापरून पाहण्याची. एकाच बैठकीत दहा गोष्टी बदलल्या आणि फोन सुधारला, तरी कशामुळे सुधारला हे कळत नाही, आणि तीच अडचण पुन्हा आली की सुरुवातीपासून सगळे करावे लागते.

पडदा सरकवताना झटके का बसतात?

साध्या फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र दाखवतो. म्हणजे प्रत्येक चित्र तयार करायला फोनकडे सुमारे १६.६७ मिलिसेकंद असतात. ९० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ९० चित्रे दाखवणाऱ्या, पडद्यावर हा अवधी ११.१ मिलिसेकंद होतो आणि १२० हर्ट्झवर जेमतेम ८.३ मिलिसेकंद उरतो. त्या अवधीत चित्र तयार झाले नाही, तर आधीचेच चित्र पुन्हा दिसते आणि आपल्या डोळ्यांना हिसका जाणवतो. या क्षेत्रातील लोक त्याला जँक म्हणतात. गूगलने २०१२ मध्ये अँड्रॉइड ४.१ सोबत प्रोजेक्ट बटर हे काम जाहीर केले, ते याच हिसक्यांवर. चित्र तयार होण्याची वेळ पडद्याच्या ठोक्याशी जुळवणे आणि गरजेप्रमाणे एक चित्र आगाऊ तयार ठेवणे, हा त्यातील मुख्य भाग होता.

हे हिसके प्रत्यक्ष पाहायचे असतील, तर डेव्हलपर ऑप्शन्स या एरवी लपलेल्या मेनूमध्ये (तो कसा उघडायचा ते पुढे अ‍ॅनिमेशनच्या उत्तरात दिले आहे) ‘प्रोफाइल एचडब्ल्यूयूआय रेंडरिंग’ हा पर्याय असतो. त्यात ‘ऑन स्क्रीन अ‍ॅज बार्स’ निवडल्यावर पडद्याच्या तळाशी उभ्या रंगीत पट्ट्या दिसू लागतात आणि त्यांच्यावरून एक आडवी हिरवी रेघ जाते. ती रेघ १६ मिलिसेकंदांची खूण आहे. पाने सरकवताना पट्ट्या वारंवार त्या रेघेच्या वर जात असतील, तर अडखळणे हा आपला भास नव्हे. विजेट काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर या पट्ट्यांची उंची पाहिली, की फरक किती पडला हे डोळ्यांनी ताडता येते. काम झाल्यावर पर्याय बंद करावा.

गेम किंवा कॅमेऱ्यातून परत आल्यावर आयकॉन एकेक करून का उमटतात?

रॅम भरत आली की अँड्रॉइड मागे पडलेली अ‍ॅप बंद करून जागा मोकळी करते. कोणाला आधी बंद करायचे याचा एक क्रम ठरलेला असतो आणि त्यात लाँचरला झुकते माप मिळते, म्हणजे मागे नुसती पडून राहिलेली अ‍ॅप त्याच्याआधी जातात. पण समोर उघडलेला गेम किंवा कॅमेरा फारच जागा मागत असेल, तर शेवटी लाँचरचीही पाळी येते. मग होमचे बटण दाबताच ते अ‍ॅप पहिल्यापासून सुरू होते, आयकॉन पुन्हा वाचते, विजेट पुन्हा मांडते.

माझ्या आत्याच्या ४ जीबी रॅमच्या फोनवर हे मी शांतपणे बसून पाहिले आहे. कॅमेरा उघडून ती नातवाचा व्हिडिओ काढायची आणि होमवर आली की प्रथम फक्त विठ्ठलाच्या मूर्तीचा वॉलपेपर दिसायचा. मग आयकॉन हळूहळू भरत जायचे, हवामानाच्या विजेटची चौकट बराच वेळ करडी राहायची आणि तेवढ्यात ती दोन-तीनदा व्हॉट्सअ‍ॅपच्या जागी बोट दाबून बसलेली असायची. ती दाबलेली बोटे नंतर एकदम लागू व्हायची आणि भलतेच अ‍ॅप उघडायचे. ‘माझंच काहीतरी चुकतं’ असे ती म्हणायची, याचे मला फार वाईट वाटे. तिचे काहीच चुकत नव्हते. पहिल्या पानावर पाच विजेट होती, व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक यांच्या दुहेरी प्रती चालू होत्या आणि या सगळ्यांमुळे ४ जीबीत लाँचरला जागा उरत नव्हती. दुहेरी प्रती बंद केल्या, विजेटांतील चार काढली, घड्याळ तेवढे ठेवले, आणि आयकॉन नाहीसे होणे जवळपास थांबले.

ज्यांना दोन सिमसाठी दोन व्हॉट्सअ‍ॅप खरोखर लागतात, त्यांनी ती ठेवावीत. मात्र ‘ड्युअल अ‍ॅप’मध्ये चालू केलेली आणि कधीच न वापरलेली इतर अ‍ॅप जरूर बंद करावीत.

विजेटांमुळे एवढा फरक पडतो का?

एखाद-दुसऱ्याने पडत नाही, पण गर्दी झाली की पडतो. विजेट दिसायला साधी चौकट असली, तरी तिच्यामागे त्या त्या अ‍ॅपला अधूनमधून जागे व्हावे लागते. ठरावीक वेळाने आपोआप ताजे होण्याची जी पद्धत अँड्रॉइडने विजेटांना दिली आहे, तिच्यात दोन फेऱ्यांमधील अंतर ३० मिनिटांपेक्षा कमी ठेवता येत नाही. मात्र अ‍ॅप इतर मार्गांनी त्याहून वारंवार माहिती पाठवू शकते, आणि क्रिकेटचा धावफलक, शेअरचे भाव किंवा सरकत्या बातम्या दाखवणारी विजेट तसे करताना दिसतात. ज्यात यादी वर-खाली सरकवता येते किंवा मोठे फोटो बदलत राहतात, ती विजेट पान सरकवताना जास्त जड पडतात.

घड्याळ आणि पंचांग-दिनदर्शिकेचे साधे विजेट सहसा त्रास देत नाही. रोज तिथी पाहणाऱ्यांनी ते काढून टाकण्याचे कारण नाही. ज्या विजेटकडे आठवडाभर आपले लक्षही गेले नाही, ते काढावे.

लाइव्ह वॉलपेपर ठेवावा का?

कमी रॅमच्या फोनवर ठेवू नये. हलणारा वॉलपेपर दिसेनासा झाला की त्याने थांबणे अपेक्षित असते, पण होम स्क्रीन समोर असताना आयकॉन, विजेट आणि वॉलपेपर या सगळ्यांचे चित्र एकाच वेळी तयार करावे लागते. वॉलपेपर दर तासाला बदलणारी अ‍ॅप आणि लॉक स्क्रीनवर बातम्या किंवा चित्रांची मालिका दाखवणाऱ्या सेवाही बंद करून पाहाव्यात. स्थिर फोटो कितीही सुंदर असला तरी फोनला त्याचा भार नाही.

डावीकडे सरकल्यावर बातम्यांचे पान येते, ते काढता येते का?

येते, आणि मी ते काढण्याचाच सल्ला देतो. पिक्सेलवर हे पान गूगल अ‍ॅपचे असते, म्हणजे पहिल्या पानावरून बोट उजवीकडे नेले की लाँचरसोबत दुसरे पूर्ण अ‍ॅप, त्यातील चित्रांसह, पुढे यायला लागते. अनेकांचा ‘पहिलेच पान अडकते’ हा अनुभव येथून येतो. पिक्सेलवर होम स्क्रीनच्या रिकाम्या जागी बोट दाबून धरावे, होम सेटिंग्ज उघडावे आणि गूगल अ‍ॅपसाठी सरकण्याचा पर्याय बंद करावा. सॅमसंगवर रिकाम्या जागी बोट दाबून धरून सर्वांत डावीकडच्या पानावर जावे, तेथे वर एक बटण दिसते. शाओमी, रेडमी आणि पोकोवर सेटिंग्जमध्ये होम स्क्रीन हा विभाग आहे, त्यात अ‍ॅप व्हॉल्ट बंद करता येते.

स्टोरेज भरल्यावर होम स्क्रीन का संथ होते?

फोनमधील साठवण फ्लॅश चिपवर असते. या चिपवर आधीच्या मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही, आधीचा भाग पुसून मोकळा करावा लागतो. चिप जवळजवळ भरली, की मोकळे तुकडे शोधणे, मजकूर इकडून तिकडे हलवणे आणि पुसणे यातच वेळ जाऊ लागतो, आणि आयकॉनची माहिती वाचण्यासारखे छोटे कामही रांगेत थांबते. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी प्रकारची साठवण असते, जिच्यात एका वेळी एकतर वाचता येते किंवा लिहिता येते. यूएफएस प्रकारात दोन्ही एकाच वेळी होऊ शकते. म्हणूनच मागे प्ले स्टोअरवरून अपडेट उतरत असताना ईएमएमसीचा फोन अगदी जागच्या जागी थबकल्यासारखा वाटतो. अशा फोनवर प्ले स्टोअरचे आपोआप होणारे अपडेट बंद ठेवून आठवड्यातून एकदा, फोन चार्जिंगला लावलेला असताना ते हाताने करावे.

साठवणीचा निदान दहावा हिस्सा मोकळा ठेवावा, हा माझा स्वतःचा नियम आहे. आपल्याकडे जागा खाणारे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप. रोजची सुप्रभातची चित्रे, सणांच्या शुभेच्छांचे व्हिडिओ आणि तीच ती पुढे ढकललेली भाषणे यांनी कित्येक जीबी भरतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडले, की अनेकदा फॉरवर्ड झालेल्या आणि ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल वेगळ्या काढून दाखवल्या जातात. तेथून निवडून खोडाव्यात आणि त्याच विभागात मीडिया आपोआप उतरणे बंद करावे. गॅलरीतून खोडलेले फोटो लगेच जागा सोडत नाहीत, ते बहुधा ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतात, म्हणून ट्रॅशही रिकामी करावी.

मेमरी कार्डावर फोटो आणि गाणी ठेवायला हरकत नाही. कार्ड अंतर्गत साठवणीत मिसळून त्यावर अ‍ॅप चालवणे मात्र टाळावे, कारण साधे कार्ड फोनच्या आतील साठवणीच्या मानाने बरेच हळू असते.

क्लीनर किंवा बूस्टर अ‍ॅप घ्यावे का?

घेऊ नये. रॅम रिकामी दिसणे म्हणजे फोन वेगवान होणे असा समज अशा अ‍ॅपनी पसरवला आहे आणि तो चुकीचा आहे. अँड्रॉइड अ‍ॅप मुद्दाम रॅममध्ये ठेवते, म्हणजे ती पुन्हा चटकन उघडावीत. बूस्टरने ती मारली, की ती पुढच्या वेळी शून्यापासून सुरू होतात, त्यात प्रोसेसर आणि बॅटरी दोन्ही खर्च होतात, आणि काही अ‍ॅप तर क्षणार्धात स्वतःच परत उठून बसतात. बूस्टर स्वतः मागे चालत राहते, ते वेगळेच. रीसेंट्समधून दर पाच मिनिटांनी सगळी अ‍ॅप झाडून काढण्याची सवयही याच कारणाने सोडावी. एखादे अ‍ॅप खरोखर अडकले असेल, तर तेवढ्यालाच बंद करावे.

व्हर्च्युअल रॅम वाढवल्याने उपयोग होतो का?

थोडा होतो, पण जाहिरातीत वाटतो तेवढा नाही. व्हर्च्युअल रॅममध्ये साठवणीचा काही भाग रॅमच्या जोडीला वापरला जातो, आणि साठवण ही रॅमपेक्षा कितीतरी हळू असते. मागे पडलेली अ‍ॅप तिथे ठेवता येतात, समोर चालणाऱ्या कामाला मात्र वेग मिळत नाही. ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी साठवण असलेल्या फोनवर ती चालू आणि बंद अशा दोन्ही प्रकारे दोन-दोन दिवस वापरून पाहावी. ज्या फोनची साठवण आधीच भरत आली आहे, तेथे ही सोय बंद ठेवणेच योग्य.

लाँचरची कॅशे आणि डेटा पुसल्याने काय जाते?

कॅशे पुसल्याने काहीच जात नाही. सेटिंग्ज, अ‍ॅप, मग आपल्या लाँचरचे नाव, मग स्टोरेज या वाटेने जाऊन ‘क्लिअर कॅशे’ करावे आणि फोन एकदा बंद करून चालू करावा. शाओमीसारख्या काही फोनवर यादीत सिस्टम अ‍ॅप वेगळी दाखवावी लागतात.

‘क्लिअर डेटा’ हा पुढचा टप्पा आहे आणि त्याने होम स्क्रीनची मांडणी जाते. फोल्डर, आयकॉनच्या जागा आणि विजेट मूळ स्थितीत येतात. अ‍ॅप, फोटो, मेसेज यांना धक्का लागत नाही. म्हणून आधी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, विशेषतः फोन घरातील ज्येष्ठांचा असेल तर, कारण ती माणसे आयकॉन नावाने शोधत नाहीत, जागेने शोधतात. ‘फोन लावायचं ते खालचं हिरवं’ ही त्यांची खूण असते. ती खूण हलली की वेगवान झालेला फोनही त्यांना परका वाटतो. मांडणी होती तशी परत लावून दिल्याशिवाय हे काम पूर्ण झाले असे समजू नये.

लाँचरच्या अलीकडच्या अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर त्याच अ‍ॅप माहितीच्या पानावर, वरच्या तीन टिंबांत, ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ हा पर्याय काही फोनवर मिळतो.

अ‍ॅनिमेशन कमी केल्याने फोन खरोखर वेगवान होतो का?

प्रोसेसरचा वेग वाढत नाही, आपली वाट पाहण्याची वेळ कमी होते, आणि रोजच्या वापरात तोच फरक जाणवतो. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून ‘बिल्ड नंबर’वर ७ वेळा टकटक केले, की डेव्हलपर ऑप्शन्स खुले होतात. सॅमसंगवर बिल्ड नंबर ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’मध्ये असतो, तर शाओमी आणि रेडमीवर सॉफ्टवेअर आवृत्तीच्या नोंदीवर ७ वेळा दाबावे लागते. मग विंडो अ‍ॅनिमेशन स्केल, ट्रान्झिशन अ‍ॅनिमेशन स्केल आणि अ‍ॅनिमेटर ड्युरेशन स्केल हे तिन्ही १ वरून ०.५ वर आणावेत. पूर्ण बंद करता येतात, पण मग पडदे इतके एकदम बदलतात की आपण कुठून कुठे आलो हे कळत नाही, म्हणून ०.५ बरे.

त्याच यादीतील इतर गोष्टींना विनाकारण हात लावू नये. ‘डिसेबल एचडब्ल्यू ओव्हरलेज’ चालू केल्याने वेग वाढतो असा सल्ला व्हिडिओंत दिला जातो, प्रत्यक्षात त्याने पडदा जुळवण्याचे सगळे काम ग्राफिक्स चिपवर पडते आणि बॅटरी जास्त जाते. ‘डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ चुकून चालू राहिले, तर अ‍ॅपमधून बाहेर पडताच त्यातील पान टाकून दिले जाते, आणि परत गेल्यावर ते नव्याने उभे राहते. कोणी फोन ‘सेट करून’ दिला असेल, तर हे दोन पर्याय बंद आहेत ना, हे आवर्जून पाहावे.

१२० हर्ट्झचा फोन अचानक ६० सारखा का वाटतो?

बहुधा बॅटरी सेव्हर चालू राहिलेला असतो. अनेक फोनवर तो लागू होताच रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो तो आकडा, खाली येतो. सॅमसंगच्या पॉवर सेव्हिंगमध्ये तर प्रोसेसरचा वेग ७० टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्याचाही पर्याय आहे. प्रथम तो बंद करावा आणि मग डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये पाहावे. पिक्सेलवर ‘स्मूद डिस्प्ले’, सॅमसंगवर ‘मोशन स्मूदनेस’, शाओमीवर ‘रिफ्रेश रेट’ अशी नावे आहेत.

उन्हाळ्यात फोन जास्त अडकतो, हा भास आहे का?

भास नाही. चिप तापली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. नागपूर-चंद्रपुराकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि त्या उन्हात दुचाकीच्या हँडलवर, नकाशा चालू ठेवून, पडदा पूर्ण उजळ करून, पॉवर बँक जोडून फोन वापरणारे डिलिव्हरीवाले हा त्रास रोज सोसतात. शक्य असेल तिथे जाड कव्हर काढावे, उन्हात चार्जिंग टाळावे आणि नकाशाचा आवाज चालू ठेवून पडदा बंद करावा. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नये, आत दव जमून तो कायमचा बिघडू शकतो. सावलीत, हवेशीर जागी ठेवला की तो आपोआप निवतो.

सिस्टम अपडेटनंतर फोन संथ झाला. लगेच काही करावे का?

एक-दोन दिवस थांबावे. मोठ्या अपडेटनंतर अ‍ॅप नव्या प्रणालीसाठी पुन्हा तयार केली जातात आणि फोटोंची सूची नव्याने बनते. यातील बरेचसे काम, तसेच साठवणीतील मोकळ्या जागेची आवराआवर, फोन चार्जिंगला लावलेला आणि विनावापर पडलेला असतानाच होते. त्यामुळे दोन रात्री फोन चार्जरवर, वायफाय चालू ठेवून, शांत राहू द्यावा. त्यानंतरही संथपणा टिकला, तर लाँचरची कॅशे पुसावी.

एखादे अ‍ॅपच दोषी आहे हे कसे ओळखावे?

सेफ मोडने. पॉवर मेनूतील ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरले, की बऱ्याच फोनवर सेफ मोडची विचारणा येते. या अवस्थेत आपण उतरवलेली सगळी अ‍ॅप तात्पुरती निजलेली असतात. तेथे होम स्क्रीन लोण्यासारखी सरकत असेल, तर दोष त्यांपैकीच कोणाचा तरी आहे, हे निश्चित. फोन पुन्हा सुरू केला की सेफ मोड संपतो, फक्त काही विजेट परत लावावी लागू शकतात. मग अलीकडे घेतलेली अ‍ॅप एकेक करून काढत जावीत.

होम स्क्रीनवर मध्येच जाहिराती उघडत असतील, तर ‘डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स’ ही परवानगी कोणाकोणाला आहे ते पाहावे आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या यादीत अनोळखी नाव नाही ना, याची खात्री करावी. सध्या लग्नपत्रिका किंवा आरटीओच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट बसवता येणारी अ‍ॅप, येतात. तशी फाइल उघडून बसवली असेल, तर वेगाचा प्रश्न बाजूला ठेवावा. फोनचे इंटरनेट तत्काळ बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

वेगळे लाँचर घेऊन पाहावे का?

पाहायला हरकत नाही. नोव्हा किंवा नायगारासारखी लाँचर अनेकांना आवडतात. पण कंपनीचे मूळ लाँचर पूर्णपणे जात नाही, रीसेंट्स आणि बोट सरकवून होमवर किंवा मागे जाण्याच्या खुणांसाठी ते मागे राहतेच. परिणामी कमी रॅमच्या फोनवर दोन लाँचरांचा भार पडतो आणि होमकडे परतताना मध्येच झटका दिसू शकतो. ३ किंवा ४ जीबीच्या फोनवर मूळ लाँचरच हलके करून वापरावे, असे माझे मत आहे.

बोट लावल्यावर उशीर होतो, पण बाकी सगळे ठीक आहे. का?

स्क्रीनगार्ड तपासावा. जाड किंवा कडेने सुटलेल्या काचेखाली हवा आणि धूळ शिरली, की स्पर्श नीट पोहोचत नाही. काच काढून दहा मिनिटे फोन वापरून पाहावा. टच सेन्सिटिव्हिटी वाढवण्याची सोय असेल, तर तीही चालू करून पाहावी.

आयफोनलाही हेच उपाय लागू होतात का?

थोडेच. तेथे लाँचर बदलता येत नाही आणि त्याची कॅशेही पुसता येत नाही. साठवण मोकळी ठेवणे, विजेट कमी करणे आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीतील ‘रिड्यूस मोशन’ चालू करणे एवढे करता येते. जुन्या आयफोनवर बॅटरी जरूर तपासावी. थकलेल्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये म्हणून काही मॉडेलचा वेग कमी केला जातो, हे अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले होते, आणि त्यानंतर २०१८ मध्ये बॅटरीची स्थिती दाखवणारी सोय सेटिंग्जमध्ये आली. अशा फोनची बॅटरी बदलली की वेग परत येऊ शकतो.

फॅक्टरी रिसेट कधी करावे?

वरचे सगळे करून झाल्यावर, आणि तेही पुरेशी तयारी करून. रिसेटने फोनमधील सगळे जाते. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर आजच्या तारखेचा आहे का ते पाहावे, फोटो बाहेर काढावेत आणि गूगल खात्याचा पासवर्ड दुसऱ्या फोनवर टाकून पडताळावा, कारण काही पद्धतीने केलेल्या रिसेटनंतर तोच पासवर्ड न दिल्यास फोन उघडतच नाही. यूपीआय अ‍ॅपची नोंदणी पुन्हा करावी लागते, त्यासाठी बँकेत दिलेल्या क्रमांकाचे सिम त्याच फोनमध्ये असावे लागते आणि त्यावरून एसएमएस जाण्याएवढा रिचार्जही असावा. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधील, म्हणजे लॉगिनसाठी लागणारे आकडे देणाऱ्या अ‍ॅपमधील, कोड आधीच दुसरीकडे हलवावेत.

रिसेटनंतर जुनी सगळी अ‍ॅप एकदम परत बसवू नयेत. आधी दोन दिवस मोकळा फोन वापरावा. तो तसाही संथ वाटला, तर साठवण किंवा बॅटरी थकलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

मग नवा फोन घेताना काय पाहावे?

सुरक्षा अपडेट बंद झाले असतील आणि मोकळा फोनही अडखळत असेल, तर बदल करणे रास्त आहे. खोक्यावरील कॅमेऱ्याच्या आकड्यांपेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली म्हणजे खरी रॅम किती, कारण ‘४ अधिक ४’ असे लिहिलेले असेल तर त्यातील दुसरे ४ हे व्हर्च्युअल असतात. दुसरी म्हणजे साठवण ईएमएमसी आहे की यूएफएस. विक्रेत्याला सांगता आले नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात ते बहुधा लिहिलेले असते. दुकानातील नमुन्याच्या फोनवर कॅमेरा उघडावा, एक लहानसा व्हिडिओ काढावा, होमवर परत यावे आणि आयकॉन जागेवर आहेत की मागाहून उमटतात, हे पाहावे.